पाणी त्यांचे, जोखीम तुमची?

बहुतेक तरणतलावांच्या प्रवेशद्वारापाशी एक पाटी असते. पोहणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर पाण्यात उतरावे, दुर्घटना घडल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही, असा तिचा मजकूर. तोच मजकूर प्रवेश अर्जाच्या मागे बारीक टायपात छापलेला असतो आणि मुलांच्या उन्हाळी बॅचसाठी पालकांकडून लिहून घेतलेल्या हमीपत्रातही असतो. एखादा जीव गेला की व्यवस्थापन हा कागद पुढे करते. त्यामागचा युक्तिवाद थोडक्यात असा : पोहणे जात्याच जोखमीचे आहे, ती जोखीम पत्करून माणूस पाण्यात उतरतो, तेव्हा बरेवाईट झाल्यास तलाव चालवणाऱ्याला दोष देणे अन्याय आहे, असा दोष देत राहिलात तर उद्या कोणी तलाव चालवणारच नाही. ऐकायला हे व्यवहारी वाटते आणि अनेक सुजाण माणसेही मान डोलावतात. पण हा युक्तिवाद कायद्यात टिकत नाही आणि व्यवहारात जीवघेणा ठरतो. पाण्यावर ज्याचे नियंत्रण, त्या पाण्यातल्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याची, हे साधे तत्त्व आहे. ती जबाबदारी पाटी लावून पोहणाऱ्यावर टाकता येत नाही, ठेक्याच्या कागदावर लिहून दुसऱ्याला देता येत नाही आणि काठावर उभ्या असलेल्या तुटपुंज्या पगाराच्या जीवरक्षकाच्या गळ्यात बांधून मोकळेही होता येत नाही.

आधी पाटीचेच पाहू. भारतीय करार कायद्याचे कलम २३ सार्वजनिक धोरणाला विरोधी असलेला करार रद्दबातल मानते. १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा आधार घेऊन सांगितले की, दोन पक्षांची ताकद विषम असताना दुबळ्या पक्षाला छापील अटींवर सही करण्यावाचून पर्यायच नसेल, तर अशा जुलमी अटी न्यायालय पाळायला लावणार नाही. तो खटला नोकरीच्या करारासंबंधी होता, पण त्यातले वर्णन तरणतलावाच्या अर्जाला तंतोतंत लागू पडते. अर्जातली एखादी ओळ खोडून मग सही करतो म्हणणाऱ्याला खिडकीवरचा कारकून प्रवेश देत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर ‘अन्याय्य करार’ ही संकल्पनाच कायद्यात आणली आणि अशी अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला दिला. इंग्लंडने हा प्रश्न १९७७ सालीच निकालात काढला. निष्काळजीपणामुळे ओढवलेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी कोणताही व्यवसाय पाटी लावून वा करारात लिहून नाकारू शकत नाही, असे तिथला कायदा निःसंदिग्धपणे सांगतो. आपल्याकडे इतके थेट वाक्य कायद्यात नाही आणि त्याच पोकळीत या पाट्या तग धरून आहेत. त्यांचा खरा उपयोग न्यायालयात होतही नाही. तो होतो शोकाकुल कुटुंबाला न्यायालयापर्यंत पोहोचूच न देण्यासाठी. आपणच सही केली होती, असे त्या बापाच्या मनात भरवले की अर्धी लढाई व्यवस्थापनाने जिंकलेली असते.

आता ‘जोखीम पत्करली’ या मुद्द्याकडे वळू. स्वेच्छेने पत्करलेल्या धोक्याबद्दल तक्रार करता येत नाही, हे अपकृत्य कायद्यातले जुने तत्त्व आहे आणि ते योग्यच आहे. प्रश्न एवढाच की, पोहणाऱ्याने नेमका कोणता धोका पत्करलेला असतो? पाण्यात दम लागेल, पायात गोळा येईल, शेजारच्या पोहणाऱ्याचा धक्का लागेल, हे धोके त्याला ठाऊक असतात आणि ते त्याने पत्करलेले असतात. पण आपल्याकडे पाहायला नेमलेला माणूस त्या वेळी दुसऱ्याच कामात गुंतलेला असेल, हा धोका त्याला ठाऊकच नसतो. मग तो पत्करणार कसा? केरळमधील कोवळम येथे राज्य पर्यटन महामंडळाच्या हॉटेलातील तलावात २००६ साली एक पाहुणा बुडून मरण पावला. तलावावर जीवरक्षक नेमलेला होता. पण त्याच माणसाकडे मद्य देण्याचे, म्हणजे बारचेही काम सोपवलेले होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कुटुंबाला साडेबासष्ट लाख रुपयांची भरपाई मंजूर केली आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. प्रशिक्षित जीवरक्षक हजेरीपटावर असणे पुरेसे नाही, त्याच्यावर इतर कामे लादणे हाच कर्तव्यभंग आहे, असा या निकालाचा आशय आहे. एका वेगळ्या बारमनचा पगार वाचवणारा हा निर्णय काठावर झालेला नव्हता. तो कार्यालयात झाला आणि निकालाने बोट ठेवले तेही तिथेच.

हा निर्णय इतका गंभीर का, हे समजण्यासाठी बुडणे म्हणजे काय ते ध्यानात घ्यावे लागते. चित्रपटात दिसते तसा बुडणारा माणूस हात उंचावून ‘वाचवा, वाचवा’ असे ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीवर क्षणभर येते आणि पुन्हा खाली जाते. तेवढ्यात श्वास घ्यायचा की आवाज काढायचा, यात शरीर श्वास निवडते. हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, मदतीसाठी हलवता येत नाहीत. ही धडपड मिनिटभराच्या आत संपते आणि प्राणवायू न मिळालेल्या मेंदूला काही मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते. शेजारी पोहणाऱ्यालाही कळत नाही, इतके हे सगळे शांतपणे घडते. म्हणून जीवरक्षकाचे काम उडी मारून वाचवण्याचे कमी आणि अखंड पाहत राहण्याचे जास्त असते. त्याला तिकिटे तपासायला लावणे, टॉवेल वाटायला लावणे, त्याच वेळी शिकाऊ मुलांची बॅच घ्यायला लावणे किंवा साठ-सत्तर पोहणाऱ्यांवर एकट्याला उभे करणे म्हणजे त्याचे मूळ कामच काढून घेणे. तलावावर जीवरक्षक होता, हा बचाव यापुढे ऐकून घेताना पुढचा प्रश्न विचारायला हवा : त्या मिनिटाला तो काय करत होता आणि ते काम त्याला कोणी सांगितले होते?

शिवाय तरणतलावातले अनेक धोके असे असतात की ते पोहणाऱ्याला दिसूच शकत नाहीत. पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडीच्या तलावावर ऑक्टोबर २०२३ मध्ये क्लोरीन वायूची गळती झाली आणि पोहायला आलेल्या अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या माणसांनी नेमकी कोणती जोखीम पत्करली होती? त्याच महिन्यात मुंबईत दादरच्या महापालिका तलावात मगरीचे पिल्लू सापडले. गोष्ट हसण्यावारी गेली, पण तिच्यातला धडा वेगळा आहे. पोहणारे पाण्यात उतरण्याआधीच ते दिसले, कारण तलाव उघडण्यापूर्वी कोणीतरी पाणी पाहिले. रोजची तपासणी प्रामाणिकपणे केली तर अनर्थ टळतो, आणि ती तपासणी पोहणाऱ्याच्या हाती नसते. तळाच्या निचरा नळाचेही असेच आहे. त्याची जाळी तुटलेली वा सैल असेल तर पंपाच्या ओढीने केस, कपडा किंवा अंग खेचले जाते आणि माणसाला वर येता येत नाही. अमेरिकेत माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ साली अशा ओढीत सापडून दगावली. २००७ साली तिच्याच नावाने संघराज्याचा कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. खोलीचे आकडे पुसट झालेले, पाणी गढूळ, दिवे मंद, उथळ भागात सूर मारण्यासाठी उंचवटा, या साऱ्या गोष्टी ज्याला माहीत असतात किंवा असायला हव्यात तो तलाव चालवणारा. ज्याला माहिती आहे आणि ज्याला दुरुस्ती करता येते त्याला मोकळे सोडायचे आणि ज्याला यातले काहीच ठाऊक नाही त्याला जबाबदार धरायचे, हा कुठला न्याय?

प्रतिपक्षाकडून इंग्लंडमधला एक निकाल हमखास पुढे केला जाऊ शकतो आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. १९९५ साली चेशायरमधील एका सार्वजनिक उद्यानातल्या तळ्यात अठरा वर्षांच्या तरुणाने उथळ पाण्यात सूर मारला आणि त्याला कायमचे अपंगत्व आले. स्थानिक परिषदेवरचा त्याचा दावा २००३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाऊस ऑफ लॉर्ड्सने, फेटाळला. काही मोजक्या बेपर्वा माणसांसाठी सर्वांचा मोकळेपणा हिरावून घेणे योग्य नाही आणि उघड धोक्यापासून प्रौढ माणसाला जपत बसणे हे संस्थेचे कर्तव्य नाही, असे न्यायमूर्तींचे म्हणणे होते. मला तो निकाल पटतो आणि तो माझ्या म्हणण्याला बाध आणत नाही. ते उद्यानातले मोकळे तळे होते, तिथे पोहायला मनाई होती, तशा पाट्या लावलेल्या होत्या, तिकीट नव्हते, निमंत्रण नव्हते. तरणतलावाची गोष्ट प्रत्येक बाबतीत याच्या उलट आहे. तो माणसाने बांधलेला असतो, पोहण्यासाठीच बांधलेला असतो, आणि ‘या, पोहा’ म्हणून पैसे घेऊन लोकांना बोलावले जाते. ‘येथे पोहू नका’ ही पाटी धोक्याची सूचना देते. पैसे घेऊन आत बोलावल्यावर ‘आम्ही जबाबदार नाही’ म्हणणारी पाटी कोणत्याही धोक्याची सूचना देत नाही. ती फक्त हात झटकते. याच कारणाने, बहुतेक माणसे नदी-विहिरीत बुडतात मग तलावांच्या मागे का लागता, या प्रश्नालाही अर्थ उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली आणि त्यातली बहुतेक उघड्या पाण्यात. पण नदीचा पूर कोणाच्या आज्ञेत नसतो. तरणतलावाची खोली, काठ, प्रकाश, पाण्याची स्वच्छता, आत येणाऱ्यांची संख्या आणि वेळ, सगळे एका संस्थेच्या मुठीत असते. जिथे सर्व काही नियंत्रणात आहे तिथेच सबबीला सर्वांत कमी जागा असली पाहिजे.

मग पालकांचे काय? मूल सोडून फोनवर बोलत बसलेल्या आईबापांचे, पिऊन पाण्यात उतरणाऱ्यांचे, मनाई मोडून उंचावरून सूर मारणाऱ्यांचे काय? त्यांचा दोष आहेच आणि कायदा तो विसरत नाही. दोघांचाही निष्काळजीपणा असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी करण्याची रीत आपल्या न्यायालयांत रुळलेली आहे. मोटार अपघातांच्या दाव्यांत ती रोज वापरली जाते. पण दोष वाटून घेणे वेगळे आणि दुसऱ्याचा दोष दाखवून आपला पुसणे वेगळे. त्यात जो पोहणाऱ्यांना आपल्या ताब्यात घेतो त्याचे कर्तव्य आणखी वाढते. १९९५ साली पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली आणि चौदा विद्यार्थी बुडाले. प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला आणि शिक्षकांच्या चुकीची जबाबदारी शाळेवरही टाकली. तिथे तर नदी होती, शाळेच्या मालकीचे पाणीही नव्हते. तरी मुले ज्याच्या हवाली केली होती त्याला सुटका मिळाली नाही. मग उन्हाळी बॅचची फी घेऊन मुलांना आपल्याच तलावात उतरवणाऱ्याला ती का मिळावी? आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या वतीने पालकाने सही केलेले हमीपत्र त्या मुलाचा जिवंत राहण्याचा हक्क सोडून देऊ शकते, असे मानणारा कायदा कोणत्याही सुसंस्कृत देशाला शोभणारा नाही.

दुर्घटनेनंतर आपल्याकडे जे घडते ते मात्र ठरावीक असते. गुन्हा दाखल होतो, जीवरक्षक किंवा प्रशिक्षक अटकेत जातो, तलाव काही दिवस बंद राहतो आणि मग सगळे पूर्ववत. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूला दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षांपर्यंत वाढवली. शिक्षा वाढली म्हणून समाधान मानणाऱ्यांनी हे कलम कोणाला पकडते ते पाहावे. मुंबईतील एका रंगाच्या कारखान्यातल्या आगीत सात कामगार गेले, त्या प्रकरणात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने कारखाना चालवणाऱ्याला तेव्हाच्या कलम ३०४-अ खालच्या आरोपातून मुक्त केले, कारण मृत्यूचे थेट व निकटचे कारण एका कामगाराची चूक होती. फौजदारी कायदा म्हणून हा दंडक योग्यच आहे. दूरच्या कारणासाठी कोणाला तुरुंगात धाडणे बरे नव्हे. पण याचा परिणाम असा होतो की साखळीतला शेवटचा माणूस अडकतो. दोन जीवरक्षकांची गरज असताना एकच नेमणारा, दुरुस्तीची फाइल दाबून ठेवणारा, क्षमतेच्या दुप्पट पास विकणारा कधीच ‘निकटचे कारण’ ठरत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार. म्हणून शिक्षा वाढवण्याची ओरड करण्याऐवजी भरपाईची दिवाणी जबाबदारी वरपर्यंत नेणे गरजेचे आहे. तीच एक गोष्ट निर्णय घेणाऱ्याच्या खिशाला हात घालते.

वरपर्यंत जाऊ लागलो की ठेकेदार आडवा येतो. तलाव महापालिकेचा, चालवायला ठेक्याने दिलेला. अपघात झाला की महापालिका ठेकेदाराकडे, ठेकेदार मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडे आणि एजन्सी जीवरक्षकाकडे बोट दाखवते. गृहसंकुलांतही तीच तऱ्हा : सोसायटी, सुविधा व्यवस्थापन कंपनी आणि बिल्डर यांच्यात चेंडू टोलवला जातो. पण काम दुसऱ्याला देता येते, कर्तव्य देता येत नाही. निविदा काढताना सर्वांत कमी दर स्वीकारणाऱ्याला त्या कमी दरात किती जीवरक्षक बसतात याचा हिशेब कळत नव्हता, यावर कोण विश्वास ठेवील? आम्ही नफा कमावत नाही, लोकसेवा करतो, हा पालिकांचा बचावही जुना आहे. लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की, मोबदला घेऊन सेवा देणारी सार्वजनिक संस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर नाही.

ग्राहक आयोगाचा मार्ग मी मुद्दाम पुढे करतो आहे, कारण दिवाणी न्यायालयाचा अनुभव उत्साहवर्धक नाही. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलच्या तलावात १९७२ साली एका परदेशी विमान कंपनीच्या सहवैमानिकाने सूर मारला, त्याच्या डोक्याला मार बसला आणि तो पंगू झाला. १९८५ साली त्याचा मृत्यू झाला. ५० लाख रुपये भरपाईचा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९९७ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, आणि पुढे अपिलात तोही टिकला नाही. जास्त दर आकारणाऱ्या हॉटेलवर काळजीचे कर्तव्यही तितकेच जास्त, हे त्या निकालातले प्रतिपादन आजही अभ्यासले जाते. पण जखमी माणसाला त्याचा काय उपयोग झाला? ग्राहक आयोगात तुलनेने कमी खर्च आहे. मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात शुल्कही पडत नाही, आणि तरणतलावाचा पास त्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतो. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दुःखातून सावरण्यात आणि ‘आपणच सही केली होती’ या अपराधी भावनेत ती मुदत निघून जाते, हे व्यवस्थापनांच्या पथ्यावर पडते.

राहता राहिला शेवटचा आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप : एवढी जबाबदारी टाकली तर तलाव बंद पडतील, फी वाढेल आणि गरिबांची मुले पोहणे शिकणारच नाहीत. पोहणे शिकणे हाच बुडण्यावरचा मोठा उपाय असल्याने ही चिंता खरी आहे. पण तिचे उत्तर विम्यात आहे, माफीत नाही. मोटार वाहन कायद्याने तृतीय पक्ष विमा सक्तीचा केला म्हणून रस्त्यावरची वाहने कमी झाली नाहीत. रस्त्यावर मेलेल्याच्या कुटुंबाला मात्र दावा मांडायला जागा मिळाली. भोपाळनंतर १९९१ साली घातक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगांना सार्वजनिक दायित्व विमा बंधनकारक झाला. तोच विचार तरणतलावांना लावता येईल. विमा कंपनी हप्ता ठरवण्याआधी जीवरक्षकांची संख्या, जाळ्यांची अवस्था, क्लोरीन साठवण्याची जागा पाहील; म्हणजे सरकारी निरीक्षक जे करत नाही ते हप्त्याच्या भीतीने होईल. फ्रान्सने २००३ च्या कायद्याने खासगी तलावांनाही कुंपण, आच्छादन किंवा धोक्याची घंटा यांपैकी एक साधन सक्तीचे केले आणि ते न बसवणाऱ्याला ४५ हजार युरोपर्यंत दंड ठेवला. तिथले लोक पोहायचे थांबले नाहीत. आणि खर्च आजही आहेच. जीवरक्षक न नेमल्याने वाचलेले पैसे कोणीतरी भरतच असतो. ज्याचे मूल जाते तो भरतो. तो भार सर्व पोहणाऱ्यांच्या फीमध्ये चार-दोन रुपयांनी विभागणे अधिक न्याय्य, की एकाच घरावर कोसळू देणे?

तेव्हा राज्य सरकारने तरणतलावांसाठी स्वतंत्र कायदा करावा, आणि तो पाणी किती स्वच्छ असावे एवढे सांगून थांबणारा नसावा. मृत्यू व इजेची जबाबदारी नाकारणारी प्रत्येक पाटी आणि हमीपत्र त्यात मुळातच निरर्थक ठरवावे. कामावर असलेल्या जीवरक्षकाला दुसरे कोणतेही काम देणे हा गुन्हा मानावा. पोहणाऱ्यांच्या संख्येनुसार जीवरक्षकांचे प्रमाण ठरवावे, विमा सक्तीचा करावा, आणि रोजच्या तपासणीची नोंदवही तलावाच्या दारात कोणालाही वाचता येईल अशी ठेवावी. ती नोंदवही नसेल किंवा कोरी असेल, तर निष्काळजीपणा झाला असे गृहीत धरून तो झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकावा. कारण पुरावा त्याच्याच कपाटात असतो. कायदा होईपर्यंत पालकांनी आणि पासधारकांनी एवढे तरी करावे : पैसे भरण्याआधी या बॅचला जीवरक्षक किती आणि त्यांच्याकडे आणखी कोणते काम आहे, हे लेखी विचारावे. उत्तर मिळाले नाही तर तेच उत्तर समजावे. आणि तलाव चालवणाऱ्यांना एकच सांगणे आहे : ज्याला या अटी परवडत नाहीत त्याला तरणतलाव चालवणे परवडत नाही. त्याने तो खुशाल बंद ठेवावा.